सोसायटीचा कॉम्प्युटर जपानला गेला

कॉम्प्युटरनं मला आजवर कधी उलट उत्तर दिलेलं नाही! गर्व नाही, अनुभव सांगते. माझं माहेर भद्रावतीचं. लग्नाआधी तिथं मी कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला, शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क घेतले आणि सर्टिफिकेट लॅमिनेट करून सासरी घेऊन आले. रुखवतात ते मधोमध होतं, शेवया आणि कुरडयांच्या मध्ये! त्यामुळे मूल या तालुक्याच्या गावापासून बावीस किलोमीटर आत, तलावाच्या काठच्या आमच्या गावात कोणाचा मोबाइल नुसता गरम झाला तरी माणूस तो फडक्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन येतो. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे, आणि तो चालवणारीही एकटी मीच.

अशा माझ्या हातात एका गुरुवारी पोस्टमननं पाकीट ठेवलं. थेट जपानहून आलेलं!

त्याचं असं झालं होतं. पाच वर्षांपूर्वी, मी या घरात नवी नवरी असताना, तीन जपानी माणसं आमच्या तलावावर शूटिंग करायला आली होती. आठ दिवस राहिली. माझे सासरे मनसाराम, म्हणजे आमचे मामाजी, रोज सकाळी डोंगा काढून पाण्यात जाळं फेकायचे आणि ते तिघं दुसऱ्या डोंग्यात बसून त्यांना टिपायचे. एक जण तर टिपता टिपता पाण्यात पडला. मामाजींनी त्यालाही जाळ्यानंच बाहेर काढलं. "डिस्क पाठवू," असं खुणेनं सांगून ते गेले. दोन वर्षांपूर्वी मामाजीही गेले. डिस्क आली ती आत्ता. पाकिटावर नाव मामाजींचंच!

घरात मामाजींचा एक धड फोटो नाही. होता तो मतदार कार्डावरचा, नखाएवढा. माझ्या नवऱ्यानं, निकेशनं, तो मूलच्या स्टुडिओतून मोठा करून आणला. स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानंच मामाजींना काळा कोट घातला, लाल टाय बांधला आणि मिशीचे केस सरळ करून दिले. जन्मभर लुंगी-बनियनवर राहिलेला माणूस!

"हा कोन बालिष्टर आनला रे माह्या घरात?" सासूबाईंनी विचारलं होतं. त्यांचं नाव गोकुळा. आवाज असा की तलावाच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची म्हैस मान वर करते. "याले हार मी नाई घालत. परका मानूस होय!"

त्या दिवशी मात्र पाकीट हातात घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "रीता, याच्यात ते हायेत?"

"हो आई."

"फोटोवानी? का हालते?"

"हालते, बोलते, सगळं करते!"

"मंग दाखव मले."

"रविवारी," मी म्हटलं, "सकाळी अकरा वाजता!"

इथंच माझं चुकलं. मी वेळ देऊन बसले. आणि डिस्क आधी लावून पाहावी हे काही मला सुचलं नाही. एक्क्याण्णव मार्कवाल्यांना असल्या गोष्टी सुचत नाहीत!

शुक्रवारपर्यंत सासूबाईंनी सगळ्या गावाला आवतण दिलं. फोनची त्यांना खरं तर गरजच नव्हती, पण सिरोंचाला केला. तिथं मामाजींची थोरली बहीण, सोमारी आत्या राहते. चाळीस वर्षं तेलंगणाच्या सीमेवर काढल्यामुळे तिच्या बोलण्यात तेलुगू कधी शिरते आणि कधी बाहेर पडते ते तिलाही कळत नाही. सिरोंचाहून अहेरी, अहेरीहून गडचिरोली, गडचिरोलीहून मूल अशा एसट्या बदलत, मांडीवर लोणच्याची बरणी धरून ती शनिवारी संध्याकाळी उतरली. उतरल्या उतरल्या म्हणाली, "कुठी हाये माहा भाऊ?"

रविवारी अकराला आमच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. टीव्ही बाहेर आणून पाटावर ठेवला होता. निकेशनं चंद्रपूरहून आणलेला डीव्हीडी प्लेयर जोडला. मी डिस्क पाकिटातून अशी काढली जशी देवघरातून मूर्ती काढतात. प्लेयरनं ती गिळली, घर्र घर्र केलं आणि निळ्या पडद्यावर दोन इंग्रजी शब्द टाकले.

निकेश मोठ्यानं वाचू लागला, "राँग... रि... रिलिजन!"

"एमैंदि? का झालं?" सोमारी आत्यानं विचारलं.

"धर्म चुकला म्हनते," निकेश म्हणाला.

"कोनाचा?"

"आपला, असंन!"

मी पुढे होऊन वाचणार तोच लोकांनी विषय हातात घेतला. जपानी लोक बौद्ध असतात ही माहिती गर्दीतून कोणीतरी पुरवली. मग काय! सगळ्यांच्या माना सोसायटीच्या अध्यक्षांकडे, खुशालभाऊंकडे वळल्या. खुशालभाऊ बौद्ध, शिवाय रिटायर्ड हेडमास्तर, शिवाय पांढरा शर्ट घालून आलेले. इतका योग्य माणूस पंचक्रोशीत सापडणार नाही!

"भाऊ, तुमी लावा जी तुमच्या हातानं."

"अरे, यंत्राले कायचा आला धर्म?" खुशालभाऊ म्हणाले. पण लोकांच्या आग्रहापुढे त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, डिस्क घातली आणि हात बांधून उभे राहिले. घर्र घर्र. तेच दोन शब्द.

"पाहा!" खुशालभाऊ दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "मले बी राँगच म्हनून राह्यलं हे!"

तेवढ्यात मी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन वाचलं. रिलिजन नव्हतं, रिजन होतं. म्हणजे प्रदेश! सिनेमावाल्या कंपन्यांनी सगळ्या जगाच्या सहा वाटण्या केल्या आहेत. एका वाटणीची डिस्क दुसऱ्या वाटणीच्या यंत्रात चालत नाही. चोरी होऊ नये म्हणून! जपान दोन नंबरात, आपण पाच नंबरात.

"आपल्या वाटनीत अजून कोन हाये?" मागून कोणीतरी विचारलं.

"रशिया. आणि आफ्रिका."

"दूरचे दिले बाप्पा सारे!"

"काही काळजी करू नका," मी म्हटलं. "प्लेयर अडाणी आहे. कॉम्प्युटर शिकलेला असतो. चला सोसायटीत!"

वरात निघाली. पुढे डिस्क घेऊन मी, मागे सासूबाई, त्यांच्या मागे बरणी घेऊन सोमारी आत्या (बरणी कशाला, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती) आणि त्यांच्या मागे अख्खं गाव. सोसायटीच्या ऑफिसात वीस माणसं मावतात. आत पन्नास शिरली. उरलेली खिडक्यांना लटकली.

मी डिस्क घातली. कॉम्प्युटरनं अदबीनं विचारलं, ही डिस्क दोन नंबरची आहे, मी पाच नंबरचा आहे, मला बदलायचं का? आणि खाली बारीक अक्षरात होतं, की आता फक्त चार वेळा बदलता येईल. त्यानंतर जिथं असेन तिथं कायमचा.

"चार म्हणजे खूप झाले!" मी म्हटलं. "आपल्याला एकदाच करायचं आहे."

देशांची यादी उघडली. जपान शोधला, माउस त्यावर नेला, आणि नेमक्या त्याच क्षणी सोमारी आत्यानं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून विचारलं, "अय्यो, याच्यात कुठी हाये व तो?" माझा हात एक बोट वर सरकला. क्लिक!

जपानच्या बरोबर वर जमैका असतो.

"का झालं?" सासूबाई.

"काही नाही आई. आपण जरा... जमैकाला आलो."

"तो कुठी हाये?"

"समुद्रात."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वयंपाकघरात मीठ समजून साखर घातली. मी घाईघाईनं यादी पुन्हा उघडली, यावेळी माउस दोन्ही हातांनी धरला, जपान निवडला. उरले दोन. कॉम्प्युटर म्हणाला, आता मला बंद करून पुन्हा सुरू करा. मी बंद केला. पुन्हा सुरू करायला बटणावर बोट ठेवलं आणि लाइट गेली!

लाइट तासाभरानं यायची ही आमच्याकडची रीत. सासूबाई जेवायला वाढायचं पाहू म्हणून मला घरी घेऊन गेल्या, कारण सोमारी आत्या उपाशी होती. घाईत मी पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी मॉनिटरवर चिकटलेली तशीच सोडली. ऑफिसात खुशालभाऊ एकटेच बसून राहिले.

परत आले तेव्हा लाइट आली होती, कॉम्प्युटर सुरू होता आणि खुशालभाऊंच्या चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं समाधान होतं.

"सूनबाई, तुह्या हातून एक चूक झाली होती. मी दुरुस्त केली."

"कोणती चूक?"

"सोसायटीचा कॉम्प्युटर तू जपानात ठेवून गेलती! सरकारी अनुदानातून आलेली वस्तू होय ते. उद्या साहेब आले आन् विचारलं, कॉम्प्युटर कुठी हाये, तं का सांगू? मी त्याले परत भारतात आनला. माहं मीच केलं, कोनाले नाई विचारलं!"

आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा माउसला हात लावला होता, आणि इतकं अचूक काम केलं होतं! मी स्क्रीनवर पाहिलं. उरला एक.

म्हणजे आता शेवटचा. जपान म्हटलं की हा कॉम्प्युटर मरेपर्यंत जपानी. मी मूलला कुलदीपला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तालुक्यातला हुशार पोरगा.

"वहिनी, बदलवूच नका," तो म्हणाला. "आधी डिस्कची कॉपी मारा. कॉपीले देश-बिश काही नसते."

मला हे सुचायला हवं होतं! तोवर सासूबाई, आत्या आणि सगळं गाव परत जमलं होतं. मी कॉपी लावली. एक टक्का, दोन टक्के, तीन टक्के... पन्नास माणसं श्वास रोखून टक्के मोजत होती. तीनवर गाडी थांबली. लाल चौकोन आला. या डिस्कला संरक्षण आहे, विनापरवानगी नक्कल करणं हा गुन्हा आहे.

मी ते मराठीत सांगितलं. सोमारी आत्या बरणी टेबलावर आपटून उभी राहिली.

"तोंड माह्या भावाचं! डोंगा माह्या भावाचा! तलाव आपला, मासोळ्या आपल्या! आन् आमालेच चोर म्हनते का हे? त्यायले पाण्यातून कोनं काढलं होतं, विचार त्याले!"

"आत्या, त्याला ऐकू येत नाही."

"मंग मोठ्यानं विचार!"

सासूबाई काहीच बोलत नव्हत्या. त्या एका स्टुलावर बसल्या होत्या. पदरानं डिस्कचं रिकामं पाकीट पुसत होत्या. पुन्हा पुन्हा. ज्या बाईचा आवाज म्हशीला ऐकू जातो ती गप्प बसली की फार वाईट दिसतं. माझी एक्क्याण्णव मार्कांची छाती आत गेली.

मी म्हटलं, "खुशालभाऊ, मी जपान करते. कायमचा."

"अन् मत्स्यबीजाची ट्रेनिंग डिस्क? ते आपल्या देशाची होय. मंग ते कशी चालीन?"

तीन वर्षं ती ट्रेनिंग डिस्क कपाटात पडून होती. कोणी एकदाही पाहिली नव्हती. पण त्या क्षणी सगळ्या सभासदांचा तिच्यावर जीव जडला! एक म्हणाला, ती फार माहितीपूर्ण आहे. दुसरा म्हणाला, मी पुढच्याच आठवड्यात पाहणार होतो. वाद वाढला. शेवटी खुशालभाऊंनी टेबलावर हात आपटला.

"हे सभासदायची मालमत्ता होय. सभा घ्या. ठराव करा!"

सभासद सगळे तिथंच होते, खिडकीला लटकलेले धरून. कोरम पूर्ण! रजिस्टर निघालं. खुशालभाऊंनी हेडमास्तरी अक्षरात लिहिलं, तसंच्या तसं देते: "ठराव क्रमांक सात. संस्थेचा संगणक, संस्थेचे दिवंगत सभासद मनसाराम यांच्या दर्शनार्थ, कायमस्वरूपी जपान या देशात समाविष्ट करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. संगणकाने मात्र कार्यालय सोडू नये."

"सूचक कोन?"

"मी!" सोमारी आत्या.

"बाई, तुमी सभासद नाई."

"बहीन होय मी त्याची!"

सूचक निकेश झाला. अनुमोदकाला खिडकीतून आत ओढावं लागलं. हात वर करा म्हटल्यावर एकूणएक हात वर झाले, खिडकीवरच्या लोकांनी हात वर केले तेव्हा दोघं खाली पडले. विरोधात कोणी नाही. ट्रेनिंग डिस्कवाला म्हणाला, "मनसारामभाऊसाठी सोडली जा!"

मी डोळे मिटले, एक उघडला, जपान निवडला, क्लिक केलं, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला.

डिस्क सुरू झाली!

आधी आली ताकीद. पुढे ढकलता येईना. खालच्या इंग्रजीवरून मी वाचून दाखवली. हा चित्रपट हॉटेलात, दवाखान्यात, जहाजावर, तुरुंगात आणि समुद्रातल्या तेलविहिरीवर दाखवू नये.

"मच्छीमार सोसायटीत?" खुशालभाऊंनी काळजीनं विचारलं.

"तसं काही लिहिलं नाही."

"मंग चालू दे!"

आणि आमचा तलाव आला. धुकं, कमळं, काठावरचं आमचंच मोहाचं वाकडं झाड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक पक्षी आला. लांब बोटांचा, कमळाच्या पानांवर चालणारा. तो चालला. मग अजून चालला. मग त्यानं अंडी घातली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. जपानी बाई त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलत होती. हळूहळू आमच्या लक्षात आलं, की सिनेमा या पक्ष्याचाच होता!

"माहा भाऊ कुठी हाये?" सोमारी आत्या. "का कोंबड्याचंच लग्न पाहाले बलावलं मले?"

आणि तेवढ्यात डोंगा आला.

लुंगी, बनियन, विस्कटलेली मिशी. मामाजी! त्यांनी जाळं फेकलं, ते हवेत गोल उघडलं आणि पाण्यावर बसलं. सासूबाई स्टुलावरून उठल्या आणि मॉनिटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मामाजी कॅमेऱ्याकडे वळले, तोंड उघडलं. त्यांचाच आवाज, घोगरा: "आमची गोकुळा..."

आणि त्यावर एका जाड्या जपानी पुरुषाचा आवाज येऊन बसला. मामाजी ओठ हलवत राहिले, जपानी बाप्या बोलत राहिला. चांगला मिनिटभर!

"हे कधी शिकला व तो?" सोमारी आत्या थक्क झाली.

"माहं नाव घेतलं!" सासूबाई ओरडल्या. खिडक्या थरथरल्या. "पुढं का म्हनले? रीता, पुढं का म्हनले?"

मी मागे नेलं. आमची गोकुळा, आणि जपानी. पुन्हा मागे. आमची गोकुळा, आणि जपानी. सहा वेळा तेच. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. "तीस वर्सं घरात 'वाढ' आन् 'चाल' याच्यापुढं शब्द नाई काढला त्यानं. आन् तिकडं इतकं बोलला माह्याबद्दल. आन् मलेच समजत नाई!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेनूत इंग्रजी सबटायटल होतं! मी लावलं. मामाजी बोलू लागले, खाली अक्षरं उमटली, मी वाचली. पण मोठ्यानं नाही.

"सांग ना व!"

"आई, ते म्हणतात... आमची गोकुळा फार गुणाची. तिच्यामुळे घर उभं आहे."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "खोटं! असं तो मरून गेला तरी नाई बोलनार. खरं सांग!"

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. पळायला दार रिकामं नव्हतं. मी एका दमात सांगून टाकलं. "ते म्हणतात, आमची गोकुळा इतकी मोठ्यानं बोलते की मासोळ्या पळून दुसऱ्या काठाला जातात. म्हणून मी ती उठायच्या आधी तलावावर येतो. पण घरी जाताना तिची हाक ऐकू आली नाही तर मला वाट सापडत नाही. धुक्यात मी तिच्या आवाजानंच डोंगा लावतो."

कोणी हसलं नाही. मग सासूबाईच हसल्या. अशा हसल्या की स्टूल पडलं. हसता हसता रडल्या, रडता रडता त्या मॉनिटरला म्हणाल्या, "बोलला तं बोलला, जपानले जाऊन बोलला! मले सांगाले का झालं होतं रे तुले?" सोमारी आत्यानं बरणी उघडली आणि सगळ्यांच्या हातावर लोणचं ठेवलं. बरणी त्यासाठी होती!

तर अशी मी डिस्क लावून दाखवली. मानाल की नाही? कॉम्प्युटर जपानात आहे, पण चालतो.

फक्त एक झालं. सासूबाई आता रोज दुपारी सोसायटीत येतात आणि ते एक मिनिट लावायला लावतात. दिवसातून आठ-दहा वेळा. तीन महिने झाले. ऐकून ऐकून त्या जाड्या बाप्याचं जपानी त्यांना अख्खं पाठ झालं आहे, आणि भाजी करपली किंवा पाणी भरायचं राहिलं की त्या आता मला त्याच भाषेत झापतात. तलावाच्या त्या काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात! मी मान खाली घालून उभी असते. काय म्हणतात काहीच कळत नाही, आणि सासूबाईंना सबटायटल लावायची सोय माझ्या कोर्समध्ये शिकवलेली नाही.